मुकुट स्वतःच्या हाताने उतरवणारी राणी : 'क्वीन क्रिस्टिना' (1933)

राजेरजवाड्यांवरचे हॉलिवूडचे जुने चित्रपट पाहताना एक उणीव हमखास जाणवते. दरबार, पोशाख, घोडे, मशाली यांची रेलचेल असते, पण सिंहासनावर बसलेली व्यक्ती दिवसभर नेमके करते काय, हे शेवटपर्यंत कळत नाही. रूबेन मामुलियनने दिग्दर्शित केलेला आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने 1933 च्या डिसेंबरात प्रदर्शित केलेला 'क्वीन क्रिस्टिना' या बाबतीत वेगळा आहे. ग्रेटा गार्बोने रंगवलेली स्वीडनची ही राणी भल्या सकाळी वाचत बसते, मंत्र्यांशी वाद घालते, परदेशी वकिलांना भेटते आणि कारभार हे आपले काम आहे असे मानून ते नीट करते. म्हणूनच ती ते काम सोडायचे ठरवते तेव्हा आपल्याला त्याचे वजन कळते. आम्ही काही शेजारी मंडळी जळगावात रविवारी रात्री एकत्र बसून जुने चित्रपट पाहतो. त्या बैठकीत हा चित्रपट लावला आणि नंतर मी तो एकट्याने पुन्हा पाहिला. दोन्ही वेळा माझे मत एकच झाले: या चित्रपटाने इतिहासाचा गाभा बदलला आहे, आणि तरीही गार्बोच्या अभिनयामुळे तो गाभा पडद्यावर परत येतो. हे कसे घडते ते सांगण्यासाठी थोडा इतिहास आधी सांगावा लागेल.

क्रिस्टिनाचा जन्म 1626 च्या डिसेंबरातला. तिचे वडील, स्वीडनचे राजे गुस्ताव अडॉल्फ, हे 'तीस वर्षांचे युद्ध' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युरोपातल्या युद्धातले नाणावलेले सेनानी होते. 1632 मध्ये जर्मनीतल्या ल्युत्झेनच्या रणांगणावर ते पडले आणि सहा वर्षांची होण्याआधीच मुलगी राणी झाली. काळाचा अंदाज यावा म्हणून आपल्याकडचा एक संदर्भ देतो. याच सुमारास, म्हणजे 1630 ते 1632 या वर्षांत, खानदेश, गुजरात आणि दख्खन यांना भयंकर दुष्काळाने ग्रासले होते, शाहजहानचा तळ बुऱ्हाणपुरास पडलेला होता आणि 1631 मध्ये मुमताजमहल तिथेच वारली. इकडे तापीकाठी मुमताजमहल वारल्यानंतर दीडेक वर्षाच्या आत तिकडे उत्तर युरोपात एका लहान मुलीच्या नावाने राज्य सुरू झाले. तिचा कारभार चॅन्सेलर म्हणजे मुख्य मंत्री अ‍ॅक्सेल ऑक्सेनस्टिएर्ना सांभाळत होता. 1644 मध्ये, अठरा वर्षांची झाल्यावर, तिने सूत्रे स्वतःच्या हाती घेतली, युद्ध संपवण्याच्या बाजूने आपले वजन टाकले आणि 1648 मध्ये ते युद्ध संपवणारा वेस्टफालियाचा तह झाला. तिचा राज्याभिषेक मात्र 1650 मध्ये झाला. पुढे चारच वर्षांनी, 6 जून 1654 रोजी, उप्साला येथील किल्ल्यात तिने मुकुट उतरवला.

चित्रपटाची सुरुवात ल्युत्झेनपासूनच होते. मरणाऱ्या राजाचा एक छोटा प्रसंग, मग दरबार, आणि मग सिंहासनाकडे चालत येणारी चिमुरडी. तिला कोणी उचलून बसवत नाही, ती स्वतः चढून बसते. कोरा सू कॉलिन्स या बालकलाकाराचे हे काम थोडकेच आहे, पण पुढच्या सगळ्या कथेची बीजे त्यात आहेत. त्यानंतर एका झेपेत काळ पुढे जातो आणि घोड्यावरून भरधाव येणारी, पुरुषी वेशातली गार्बो आपल्यासमोर येते. आमच्या बैठकीतल्या एका वयस्क मावशींनी तिला पाहताच अहिराणीत विचारले, "हाई राणी शे का राजा शे?" पटकथेला प्रेक्षकाने हाच प्रश्न विचारायला हवा आहे. खरी क्रिस्टिनाही राजपुत्राला द्यावे तसे शिक्षण घेऊन वाढली, शिकारीत आणि घोडेस्वारीत रमली, आणि लग्नाला तिने शेवटपर्यंत नकार दिला. चित्रपटात चॅन्सेलर तिला म्हातारपणी अविवाहित राहण्याची भीती घालतो, तेव्हा ती ठणकावून सांगते की आपण मरू ते ब्रह्मचाऱ्यासारखे. हे वाक्य गार्बो हसत हसत, पाठ वळवता वळवता टाकते, आणि त्यातच तिचा सगळा निर्धार दिसतो.

सकाळचा एक प्रसंग मला विशेष आवडला. ती खिडकी उघडते, बाहेर साचलेला बर्फ ओंजळीत घेते आणि चेहऱ्यावर चोळते. 45 अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या थंडीची कल्पना करणे कठीण आहे, पण त्या एका कृतीतून बाईचा स्वभाव कळतो. तिला आरसा, दासी, साजशृंगार यांपैकी कशाचीही वाट पाहायची नाही. तिला दिवस सुरू करायचा आहे. त्यानंतर एबा या सखीचे तिने घेतलेले चुंबन येते, आणि तेही कसलाही गाजावाजा न करता. हॉलिवूडची सेन्सॉरशिपची नियमावली 1934 च्या मध्यापासून कडकपणे अमलात आली. हा चित्रपट त्याआधीचा असल्यामुळे त्यात असा मोकळेपणा टिकून राहिला.

कथेचा मध्य म्हणजे सराईतला प्रसंग. राणी वेशांतर करून, आगे या जुन्या सेवकाला बरोबर घेऊन राजधानीबाहेर पडते. वाटेत बर्फात अडकलेली एका स्पॅनिश उमरावाची गाडी ती सोडवून देते, आणि तो तिला साधा पोरगा समजून बक्षिसी म्हणून नाणे देतो, ज्यावर तिचाच चेहरा आहे. पुढे बर्फामुळे सगळ्यांनाच सराईत मुक्काम करावा लागतो. तिथे दारू पिऊन बसलेल्या लोकांत राणीचे गेल्या वर्षी सहा प्रियकर होते की नऊ, यावर हातघाई होते. न्यायनिवाडा करायला पोराच्या वेशातली राणीच उभी राहते आणि जाहीर करते की बारा होते. सगळी सराई जल्लोष करते. विनोद म्हणून हा प्रसंग उत्तम आहे, पण त्याच्या तळाशी एक गंभीर गोष्टही आहे. आपल्याविषयी प्रजा काय बोलते हे राणी स्वतः ऐकते आहे, त्याचा तिला राग येत नाही, आणि वाद मिटवणे हे आपले काम आहे ही सवय तिला तिथेही सुटत नाही.

सराईत एकच खोली शिल्लक आहे, ती दोघांनी वाटून घ्यायची, आणि मग तो पोरगा बाई आहे हे त्या उमरावाला कळते. त्याचे नाव अंतोनियो. स्पेनच्या राजाचा लग्नाचा प्रस्ताव घेऊन तो राणीकडेच निघालेला आहे, आणि समोर तीच आहे हे त्याला ठाऊक नाही. बर्फामुळे त्यांचा मुक्काम लांबतो. निघायच्या आधी गार्बो त्या खोलीत हळूहळू फिरते. भिंत, चरखा, पलंगाचा खांब, उशी, कोपऱ्यातली धार्मिक तसबीर, एकेका वस्तूला ती हात लावते, थांबते, पुढे जाते. अंतोनियो विचारतो की हे काय चालले आहे. ती सांगते की ही खोली मी पाठ करते आहे, कारण पुढे माझ्या आठवणीत मला इथे पुष्कळ राहायचे आहे. मामुलियनने हा प्रसंग मेट्रोनोमच्या, म्हणजे ठेका धरून देणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर चित्रित केला होता, म्हणजे गार्बोचे प्रत्येक पाऊल आणि प्रत्येक स्पर्श एका ठरलेल्या लयीत आहे. ही माहिती नसली तरी लय जाणवतेच. ज्या मावशींनी आधी राजा की राणी असे विचारले होते, त्यांचे जुने गाव धरणात गेलेले आहे. त्यांना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, आणि या प्रसंगात त्यांना कोणी काही समजावूनही सांगत नव्हते. त्या एवढेच बोलल्या, "घर सोडतांना मीबी असाच हात फिरवला व्हता." अभिनयाची आणि दिग्दर्शनाची याहून मोठी पावती मला सुचत नाही. हा प्रसंग काही मिनिटांचाच आहे, आणि केवळ त्याच्यासाठी हा चित्रपट पाहावा असे मी कोणालाही सांगेन.

सराईनंतर कथेचा वेग बदलतो. अंतोनियो दरबारात येतो, सिंहासनावर तीच व्यक्ती पाहून गोंधळतो, अपमानित होतो, मग समजूत पटते, आणि मॅग्नस हा मत्सरी सरदार लोकांना भडकवतो. हा भाग मला सरधोपट वाटला. इयन कीथचा मॅग्नस पहिल्या क्षणापासून खलनायक दिसतो; खरा मॅग्नस गाब्रिएल दे ला गार्दी हा राणीच्या मर्जीतला आणि पुढे मर्जीतून उतरलेला बडा सरदार होता, त्याच्या गुंतागुंतीला इथे जागाच मिळालेली नाही. आतेभाऊ कार्ल गुस्ताव याला तर पटकथेने युद्धाच्या डिंगा मारणारा हास्यास्पद इसम करून टाकले आहे. प्रत्यक्षात क्रिस्टिनाने त्याच्याशी लग्न नाकारले, पण त्यालाच वारस म्हणून नेमून घेतले आणि तिच्यानंतर तोच गादीवर आला.

याच भागात जिन्यावरचा प्रसंग मात्र भरीव आहे. खवळलेला जमाव राजवाड्यात घुसतो. पहारेकरी शस्त्रे घेऊन उभे आहेत, पण राणी त्यांना बाजूला सारते आणि एकटीच जिन्यावर उभी राहून लोकांशी बोलते. ती जमावातल्या एकाला त्याचा धंदा विचारते. तो लोहार आहे. मग ती सांगते की जसा तुझा धंदा तुझ्या घराण्यातून तुझ्याकडे आला, तसा राज्य करणे हा माझा धंदा आहे. तुझ्या कामात मी ढवळाढवळ करत नाही, माझे काम मला करू दे. पिढीजात कारागिरीचा मान ठेवणाऱ्या आपल्या भागात हे बोलणे चटकन भिडते. आमच्या बैठकीत सोनारकाम करणारे एक आप्पा आहेत, त्यांनी हा प्रसंग पुन्हा लावायला लावला. मला मात्र दुसऱ्यांदा पाहताना त्या भाषणातली मेख दिसली. ती ज्या कामाचा एवढा अभिमान सांगते आहे, तेच काम ती आतून सोडत चालली आहे. लोक समाधानाने घरी जातात आणि तिच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेशही उरत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. चित्रपटाच्या म्हणण्यानुसार क्रिस्टिना गादी सोडते ती अंतोनियोसाठी. इतिहासात तसे घडलेले नाही. स्पेनचा वकील अंतोनियो पिमेंतेल 1652 पासून स्टॉकहोमला होता, राणीशी त्याचा स्नेह होता आणि त्यावर त्या काळीही कुजबुज झाली. तेवढ्या धाग्यावर पटकथेने सगळी प्रेमकथा विणली आहे. गादी सोडण्याची खरी कारणे दुसरी होती. लग्न करून वारस द्यायचा नाही हे तिने ठरवले होते. कॅथलिक पंथाकडे तिचा ओढा वाढत गेला होता, आणि लुथरन म्हणजे प्रोटेस्टंट स्वीडनच्या सिंहासनावर कॅथलिक राणी बसणे शक्य नव्हते. 1651 मध्येच तिने गादी सोडण्याचा विचार सल्लागारांसमोर मांडला होता आणि त्यांनी तिला तेव्हा परावृत्त केले होते. म्हणजे हा एका प्रेमाच्या लाटेत घेतलेला निर्णय नव्हता. तो काही वर्षे मुरलेला होता. तिच्या ज्ञानलालसेचेही चित्रपटात ओझरते दर्शनच होते. तिच्याच आग्रहावरून तत्त्वज्ञ रने देकार्त 1649 मध्ये स्टॉकहोमला आला आणि 1650 च्या फेब्रुवारीत तिथल्या थंडीत न्यूमोनियाने वारला, एवढी एक गोष्ट घेतली तरी केवढे नाट्य हाती लागते. तिच्या कारभाराची दुसरी बाजूही पटकथेने झाकली आहे. तिने नवे उमराव मोठ्या संख्येने केले, सरकारी जमिनी त्यांना वाटल्या, आणि खजिना अडचणीत आला. जिन्यावरच्या भाषणातली लोकप्रिय राणी पाहताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्याकडे राणीच्या कारभाराचा विषय निघाला की 1767 ते 1795 या काळात राज्य चालवणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे नाव साहजिकच ओठांवर येते, आणि आमच्या बैठकीतही आले. प्रजेसाठी अखेरच्या दिवसापर्यंत गादी सांभाळणाऱ्या बाईचा आदर्श मनात असताना, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आत गादी सोडून परदेशी निघून जाणाऱ्या राणीला समजून घेणे सोपे नाही. एका काकूंनी तिला सरळ जबाबदारी टाळणारी ठरवले. मला तसे वाटत नाही. जे मान्य नाही ते वरवर पाळत राहण्यापेक्षा तिने लायक वारस नेमला, स्वतःच्या उपजीविकेची रीतसर तरतूद करून घेतली आणि उघड दरबारात पद सोडले. काकूंचे मत काही बदलले नाही, पण चित्रपटाने हा प्रश्न आमच्यात तासभर जागता ठेवला, ही त्याची ताकद आहे.

पदत्यागाच्या प्रसंगात इतिहास आणि चित्रपट एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. उप्सालाच्या समारंभात पेर ब्राहे या ज्येष्ठ सरदाराने राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढून घ्यायचा होता, पण तो जागचा हलला नाही, तेव्हा तिनेच स्वतःच्या हाताने मुकुट उतरवला. पडद्यावरही गार्बो मुकुट स्वतः उतरवते. राजवस्त्रे गेल्यावर ती साध्या पोशाखात लोकांमधून चालत निघते आणि लोक तिच्या वस्त्राला हात लावण्यासाठी पुढे सरकतात. इथे गार्बोची चाल पाहावी. प्रियकराकडे धावत सुटलेल्या बाईची ही चाल नाही. खूप दिवसांचे ठरलेले काम पूर्ण करणाऱ्या व्यक्तीची आहे. पटकथेत लिहिलेले कारण एक, आणि तिच्या अंगातून दिसणारे कारण दुसरे, असे जे मी सुरुवातीला म्हणत होतो ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

आणि पुढे पटकथा स्वतःच ते प्रेमाचे कारण काढून घेते. मॅग्नसशी झालेल्या द्वंद्वात अंतोनियो जबर जखमी होतो आणि ती जहाजावर पोहोचते तेव्हा तो तिच्या मिठीत प्राण सोडतो. आता परत फिरायला काय हरकत आहे? पण ती जहाज हाकारायला सांगते आणि नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, जाऊन उभी राहते. कॅमेरा दुरून सरकत सरकत तिच्या चेहऱ्यापर्यंत येतो आणि तिथे बराच वेळ थांबतो. चेहरा निश्चल आहे, डोळे समोर आहेत, वारा केसांतून जातो आहे. मामुलियनने तिला सांगितले होते की काहीही मनात आणू नकोस, चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेव. त्या कोऱ्या चेहऱ्यावर प्रत्येक प्रेक्षक आपापला अर्थ लिहितो. मी तिथे शोक वाचला नाही, सुटका वाचली. खरी क्रिस्टिनाही पुरुषी वेशात, दुसऱ्याच नावाने डेन्मार्कमार्गे देशाबाहेर पडली, 1655 च्या डिसेंबरात रोमला पोहोचली आणि 1689 मध्ये तिथेच वारली. संत पीटरच्या चर्चच्या तळघरात तिची कबर आहे. म्हणजे चित्रपट जिथे संपतो तिथून पुढे तिचे निम्म्याहून अधिक आयुष्य बाकी होते.

इतर नटमंडळींबद्दल थोडक्यात. लुईस स्टोनचा ऑक्सेनस्टिएर्ना संयत आणि विश्वासार्ह आहे. सी. ऑब्रे स्मिथचा आगे बडबड्या म्हाताऱ्या सेवकाच्या साच्यातला असला तरी गोड आहे. अंतोनियो झालेला जॉन गिल्बर्ट हा मूकपटांच्या काळात गार्बोचा गाजलेला जोडीदार होता, आणि हा त्यांचा चौथा आणि शेवटचा एकत्र चित्रपट. आधी या भूमिकेसाठी लॉरेन्स ऑलिव्हियेला घेतले होते, नंतर गार्बोच्या इच्छेने गिल्बर्ट आला. बोलपटांत त्याची कारकीर्द उतरणीला लागली होती आणि ते त्याच्या कामात दिसते. तो शब्दांवर फार जोर देतो आणि गार्बोसमोर अवघडल्यासारखा वाटतो. तरीही खोलीतल्या प्रसंगात त्याच्या नजरेत खरे कौतुक आहे. तीन वर्षांच्या आतच, 1936 मध्ये, तो वारला. छायालेखक विल्यम डॅनियल्सने गार्बोचा चेहरा आधीही पुष्कळदा टिपला होता आणि त्या चेहऱ्यावर उजेड कुठून टाकायचा याची त्याची जाण प्रत्येक चौकटीत दिसते. हर्बर्ट स्टोथार्टचे संगीत काही जागी गरजेपेक्षा जास्त भावुक होते. आणि गार्बो स्वतः स्टॉकहोममध्ये जन्मलेली असल्यामुळे आपल्याच देशाच्या राणीबद्दलची तिची आस्था तिच्या वागण्याबोलण्यात मुरलेली आहे.

पाहू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. लांबी सुमारे 100 मिनिटे आहे, मध्यंतर न घेता पाहावा. चित्र कृष्णधवल आणि जवळजवळ चौकोनी आहे. हल्लीचे टीव्ही ते आपोआप रुंद करतात, त्यामुळे गार्बोचा चेहरा पसरट दिसतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकार कायम ठेवावा, बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील. खानदेशात दुपारी जाड पडदे लावूनही खोलीत इतका उजेड येतो की करड्या रंगाच्या छटा धुऊन जातात, तेव्हा शक्यतो रात्रीच लावा. संवाद जुन्या वळणाच्या इंग्रजीत आणि वेगवान आहेत. उपशीर्षके सुरू ठेवावीत, आणि इंग्रजी न समजणारी वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर सराईतला वाद आणि जिन्यावरचे भाषण यांचा अर्थ कोणीतरी त्यांना मराठीत सांगावा. बाकी कुठे सांगायची गरज पडत नाही. आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना, विशेषतः ज्यांना युरोपचा इतिहास पुस्तकात रुक्ष वाटतो त्यांना, हा चित्रपट जरूर दाखवावा. फक्त गादी सोडण्याचे खरे कारण त्यांना आधी सांगू नये. चित्रपट पाहून झाल्यावर 'ती का गेली?' असे विचारावे, त्यांचे उत्तर ऐकून घ्यावे, आणि मगच 1651 मधल्या त्या पहिल्या प्रयत्नाची हकीकत सांगावी.